डोंगरदऱ्यांतील प्राचीन इतिहासाचा अभ्यास : नागपुरातून पुरातत्त्वाची वाट धरणाऱ्यांसाठी

धंतोलीकर (धागाकर्ता)

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी यंदा इतिहास विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुरातत्त्वशास्त्र शिकायचे आणि त्यातही डोंगराळ प्रदेशातील प्राचीन वस्त्या, लेणी, घाटवाटा आणि चित्रांकित शैलाश्रय (माणसांनी आसरा घेतलेल्या खडकांच्या कपारी) यांचाच अभ्यास करायचा, असे तिने मनाशी पक्के केले आहे. घरातून विरोध नाही, पण आमच्या नातेवाइकांत या क्षेत्रातले कोणीच नसल्यामुळे तिला सल्ला काय द्यावा, हेच आम्हाला कळत नाही.

माझे प्रश्न साधे आहेत. उत्खनन म्हटले की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर घेतलेला चौकोनी खड्डा डोळ्यांसमोर येतो. डोंगरावर मुळात माती ती किती असणार? मग तिथे पुरातत्त्वज्ञ नेमके काय करतो? त्यासाठी शिक्षण कोणते घ्यावे लागते, नोकऱ्या कुठे असतात, आणि नागपूर न सोडता या कामाचा श्रीगणेशा करता येईल का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिले, तर तिच्याबरोबर इतर मुलामुलींनाही उपयोग होईल.

सातपुडा_पायी

धंतोलीकरजी, 'डोंगरावर माती किती' हा तुमचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मैदानातल्या पांढरीवर माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतात, जुनी घरे पडतात, त्यांच्यावर नवी उभी राहतात, आणि थरावर थर चढत जाऊन काळाचा क्रम जमिनीतच नोंदला जातो. आपल्याकडे कौंडिण्यपूर, पवनी आणि अडम ही अशा थरांची उत्तम उदाहरणे आहेत. डोंगरउतारावर मात्र पाऊस माती टिकू देत नाही. वरच्या सपाटीवर फुटलेल्या मडक्याची खापरे पावसाळ्यामागून पावसाळे घरंगळत नाल्याच्या काठी येऊन पडतात, आणि हजार वर्षांच्या अंतराने वापरलेल्या वस्तू एकाच ढिगात सापडतात. त्यामुळे डोंगरात काम करणाऱ्याला खड्ड्यापेक्षा परस्परसंबंधांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. पाणी बारमाही कुठे टिकते, खिंड कुठून उतरते, देवळासाठी दगड कोणत्या कड्यातून काढला, खालच्या राजधानीतून वरचे शिखर दिसते की नाही, गुरांची वाट आणि व्यापाराची वाट कुठे एक होते, या सगळ्यांची जुळणी करणे हेच त्याचे मुख्य काम असते.

नागपूरकरांना हे समजून घ्यायला दूर जावे लागत नाही. रामटेक, मनसर आणि नगरधन ही तीन ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. आपण ती वेगवेगळ्या सहलींत पाहतो आणि शाळेच्या पुस्तकात त्यांचे उल्लेखही वेगवेगळे येतात, पण विदर्भातील वाकाटक राजघराण्याच्या काळी ही एकच सलग रचना होती. नगरधन म्हणजे नंदिवर्धन, मैदानातील राजधानी. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव असून शंखाचे चिन्ह आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारल्यावर मुले लहान असल्याने राज्यकारभार तिने स्वतः चालवला. तिचा एक ताम्रपट थेट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. दुसरा, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा, 'रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून' म्हणजे डोंगरावरील देवाच्या चरणांशी बसून दिलेला आहे.

आता या दोन ताम्रपटांकडे डोंगर आणि मैदान यांच्या नात्याचा पुरावा म्हणून पाहा. राजधानी खाली आहे, पण दानाला वजन यावे म्हणून राणी वर चढून जाते. त्याच डोंगरावर केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रम आणि वराह ही वैष्णव मंदिरे आहेत. केवल नरसिंहाच्या भिंतीवरील गिलावा निघाल्यावर उजेडात आलेला शिलालेखही याच राजघराण्याचा आहे. पलीकडे मनसरला हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून ज. प्र. जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात विटांचे भव्य शैव बांधकाम मिळाले, आणि ते प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरेश्वर या शिवमंदिराशी जोडले जाते. आईची वैष्णव टेकडी आणि मुलाची शैव टेकडी समोरासमोर आहेत, आणि दोन्हींच्या पायथ्याशी तळी आहेत. एखादा अभ्यासक नुसते मंदिरांचे शिल्प पाहून परत आला, तर त्याच्या हाती यातले निम्मेच लागेल. त्याने नगरधनच्या टेकाडावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले पाहिजे, पायवाटेने डोंगर चढला पाहिजे आणि मंदिरासमोरून राजधानीचे शिवार किती स्पष्ट दिसते, याची नोंद केली पाहिजे. तुमच्या भाचीला जे काम करायचे आहे ते हेच आहे, आणि त्याचा पहिला धडा नागपूरहून एसटीने जाऊन गिरवता येतो.

वैनगंगा

काका, मी सध्या विदर्भातील महापाषाणीय (मोठे दगड मांडून केलेल्या दफनांच्या) स्थळांवर संशोधन करते आहे, त्यामुळे रोजच्या कामाचे स्वरूप सांगू शकेन. सातपुडाजींनी मोठे चित्र मांडले आहे, मी जवळून दिसणारी एकच गोष्ट दाखवते.

काटोल मार्गावर जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. काळ्या बेसाल्टचे मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले असतात, आत दगडगोट्यांचा भराव असतो आणि त्याखाली दफनाचे अवशेष असतात. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक याने १८६७ मध्ये यांतील काही वर्तुळे खोदली आणि १९६२ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. भर दुपारी गेलात तर हे नुसते दगड दिसतात. ऊन तिरपे असताना गोट्याशेजारी गुडघे टेकून बसले, की त्याच्या बाहेरच्या अंगावर बोटाचे टोक मावेल एवढ्या खळग्या उमटून येतात. काही सरळ ओळीत आहेत, काही दोन समांतर ओळींत, काही ठिकाणी दोन ओळी एकमेकींना छेदतात. खळगीच्या कडेवरून बोट फिरवले, तर घडवताना पडलेल्या ठोक्यांचा खडबडीतपणा काही ठिकाणी अजून हाताला लागतो, आणि निसर्गतः झिजून झालेल्या खड्ड्याहून ती वेगळी कशी, हे पुस्तकापेक्षा लवकर समजते.

अशा एका दगडाची नोंद करायची, म्हणजे वर्तुळाच्या मध्यापासून त्याची दिशा आणि अंतर घ्यायचे, उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढायची, प्रत्येक खळगीचा व्यास आणि खोली मोजायची, दगड मूळ जागी आहे की नांगराने सरकला आहे हे तपासायचे, आणि मग पुढच्या दगडाकडे वळायचे. संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर वहीतील नोंदी, जीपीएसचे बिंदू आणि छायाचित्रांचे क्रमांक एकमेकांशी जुळवायचे. हे काम त्याच दिवशी झाले पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी सगळे दगड सारखेच वाटू लागतात.

याच रिव्हेट-कार्नाकने पुढे कुमाऊँच्या डोंगरांत चंडेश्वरला खडकावर कोरलेल्या खळग्या पाहिल्या, तेव्हा त्याला नागपूरची वर्तुळे आठवली आणि १८७७ मध्ये त्याने त्यावर टिपण छापले. खुणा सारख्या दिसल्या, म्हणून त्या करणारे लोक एकच होते असे म्हणण्याची घाई त्या काळी सर्रास होत असे. आज आपण आधी काळ ठरवतो, दफनाची पद्धत आणि भांडी पाहतो, आणि नंतरच तुलनेला हात घालतो. तरीही नागपूरच्या माळावर पाहिलेली गोष्ट हिमालयात ओळखू येणे, याला या विषयात मोल आहे. ज्याने आपल्या गावचे दगड नीट पाहिले, त्याची नजर परक्या डोंगरातही चालते.

उन्हातल्या कामापेक्षा दुप्पट वेळ सावलीतल्या कामाला जातो, हेही भाचीला सांगा. आणलेली खापरे धुणे, वाळवणे, प्रत्येकीवर शाईने स्थळाचा संकेत आणि क्रमांक घालणे, काळी-तांबडी, अभ्रकयुक्त तांबडी अशी वर्गवारी करणे, काठांची चित्रे काढणे, यात महिनेच्या महिने जातात. ज्याला हे कंटाळवाणे वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडवाट

लेखन उत्तम चालले आहे. आमचा भटक्यांचा गट गाविलगड, नरनाळा आणि मेळघाटाच्या परिसरात नियमित फिरतो. डोंगरात फिरताना खापरे, दगडी हत्यारांसारखे तुकडे, कधी एखादे नाणे दिसते. आम्ही ते वेचून जाणकारांकडे नेऊन देत असतो. हौशी लोकांनी असे साहित्य गोळा करून दिले, तर तज्ज्ञांचा वेळ वाचेल आणि तुमच्या भाचीसारख्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला सामग्रीही मिळेल, असे मला वाटते.

सातपुडा_पायी

गडवाट, तुमचा हेतू निर्मळ आहे याबद्दल शंका नाही, पण या बाबतीत मी अतिशय आग्रहाने सांगतो की काहीही उचलू नका.

बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरियाचे उदाहरण पाहा. १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या मुलांना तिथे जमिनीत तांब्याची हत्यारे दिसली आणि खणल्यावर ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे मिळाले. भारतातील ताम्रनिधींत हा सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. त्या वस्तू पुढे वेगवेगळ्या संग्रहालयांत पांगल्या, आज त्या काचेच्या कपाटात पाहता येतात, त्यांचे वजन आणि धातूचे प्रमाण मोजता येते. पण त्या पुरल्या कोणी, शेजारी वस्ती होती का, सोबत मडके होते का, खड्डा कोणत्या थरातून खणला होता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वस्तू देऊ शकत नाहीत, कारण जागेचा पुरावा त्याच दिवशी संपला. मी वर म्हटले तसे डोंगरात थर आधीच पातळ असतात, तिथे वस्तूची नेमकी जागा हाच अर्धा पुरावा असतो. तुम्ही उचललेले खापर जाणकाराच्या टेबलावर पोहोचते तेव्हा ते फक्त एक खापर उरते.

याला कायद्याचीही बाजू आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो, आणि त्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहेत. अभयारण्यात तर दगडसुद्धा हलवण्याची मुभा नसते.

तुमच्या गटाने एवढे करावे : जागेवरच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जीपीएसचा बिंदू आणि तारीख लिहावी, जवळचे गाव, नाला आणि चढण्याची वाट नोंदवावी, आणि ही नोंद पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाला द्यावी. जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण गुप्तधन शोधणारे लोक अशा पोस्टींवर टपलेले असतात. हौशी अभ्यासकांचे मोल मी कमी लेखत नाही. मोर्शी तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या रांगेत, बैतूल-अमरावतीच्या सीमेवर धारूळ परिसरात जे चित्रांकित शैलाश्रय २००७ च्या सुमारास प्रकाशात आले, ते अमरावतीकडच्या निसर्गप्रेमींनीच पायी फिरून शोधले होते. त्यांनी चित्रे जागेवर ठेवून नोंदी केल्या, म्हणून पुढचा अभ्यास शक्य झाला.

महालकर

नागपूर आणि डोंगर यांचे नाते जुने आहे. १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी महादेव डोंगररांगेत, म्हणजे पचमढीच्या बाजूला, शैलाश्रयांत उत्खनन केले आणि त्याचे अहवाल नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापले. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची अगदी लहान हत्यारे, वापरणाऱ्या माणसांचा मध्य भारतातील अभ्यास पुढे ज्या वाटेने गेला, तिचा एक प्रारंभबिंदू नागपुरात आहे, हे इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यानंतर १९५७ मध्ये वि. श्री. वाकणकरांनी भीमबेटका हे चित्रांकित शैलाश्रयांचे ठिकाण शोधले आणि २००३ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी तर आपलेच. संस्कृतचे प्राध्यापक असूनही ते कोरीव लेखांकडे वळले, कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तिन्ही घराण्यांच्या लेखांचे प्रचंड संग्रह त्यांनी संपादित केले, आणि मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, हे मत त्यांनी साधार मांडले. काही विद्वान सरगुजाकडील रामगढचा पक्ष घेतात. मला मिराशींची बाजू बळकट वाटते, कारण त्यांनी काव्यातील वर्णन, ताम्रपटांतील रामगिरिस्वामी आणि प्रत्यक्ष डोंगर या तिघांची सांगड घातली. भाचीला संस्कृत आणि ब्राह्मी शिकायला लावा. ड्रोन चालवणारे पुष्कळ मिळतात, ताम्रपट स्वतः वाचणारे फार थोडे उरले आहेत.

सिव्हिल_लाइन्स

मी पुरातत्त्व खात्याच्या कामाशी अनेक वर्षे संबंधित होतो. शिक्षण आणि नोकरी याबद्दल लिहितो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. पवनीचे स्तूप १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी उत्खनित केले, त्या कामात हा विभाग सहभागी होता. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही नावेही या विभागाच्या आणि डेक्कन कॉलेजच्या कामाशी जोडलेली आहेत. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, तो शोध धातुविद्येच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. दुसरा मार्ग पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. तिथे ह. धी. सांकलिया यांनी घातलेल्या पायावर प्रयोगशाळांची उत्तम परंपरा उभी आहे. प्राण्यांची हाडे, वनस्पतींचे अवशेष, प्राचीन भूगोल यांचे शिक्षण एका छताखाली हवे असेल, तर तिकडेच जावे. तिसरा टप्पा म्हणजे ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका. जागा मोजक्या असतात, पण केंद्रीय सर्वेक्षणात जायचे असेल तर तिचा मोठा उपयोग होतो.

नोकरीबाबत भ्रम नको. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील उपअधीक्षक पुरातत्त्वविद हे पद संघ लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. जाहिरात दरवर्षी येईलच असे नाही आणि जागा कमी असतात. राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, तिथेही तीच स्थिती आहे. अध्यापनासाठी नेट परीक्षा द्यावी लागते, त्यात पुरातत्त्वशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. या तीन दारांबाहेर संग्रहालये, वारसा-संवर्धनाच्या खाजगी संस्था आणि प्रकल्पांवरील कंत्राटी कामे असतात. कंत्राटी कामात मानधन तुटपुंजे असते आणि हाती पडायला कित्येकदा वेळ लागतो. पहिली काही वर्षे घरचा आधार लागेल, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

नागपूरची एक जमेची बाजू मात्र फार लोकांना ठाऊक नसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ इथे आहेच, त्याशिवाय प्रागैतिहास शाखा, एक उत्खनन शाखा आणि अरबी-फारसी कोरीव लेखांची शाखाही याच शहरात आहे. दिल्लीबाहेर इतक्या शाखा एका गावात असलेली शहरे थोडीच आहेत. विद्यार्थ्याने रीतसर पत्र घेऊन जावे, ग्रंथालयात बसावे, अधिकाऱ्यांना कामाविषयी नेमके प्रश्न विचारावेत. अभ्यास करून आलेल्या मुलांशी बोलायला तिथली माणसे वेळ काढतात.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने सगळे प्रतिसाद वाचले आणि गुंगेरियाचा प्रतिसाद तिने वडिलांनाही वाचून दाखवला. बहिणीच्या मनात एक काळजी आहे, ती मोकळेपणाने विचारतो. जंगलात आणि डोंगरात फिरण्याचे काम मुलीसाठी कितपत सुरक्षित असते, आणि विदर्भाच्या उन्हात हे काम होते तरी कधी?

वैनगंगा

काका, एकटीने कोणीच फिरत नाही, मुलगाही नाही. सर्वेक्षणाचा गट असतो, वनक्षेत्रात वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वनरक्षक सोबत असतो. आमच्या गटात मुलींची संख्या चांगली आहे. मुक्काम बहुधा गावातील शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत असतो. स्नानगृहाची सोय आधी विचारून ठेवावी लागते, हे मात्र खरे. आईला सांगा की पहिल्या मोहिमेपूर्वी गटप्रमुखांशी फोनवर बोलून घ्यावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, जबाबदार गटप्रमुखाला अशी विचारणा आवडते.

सातपुडा_पायी

हंगामाविषयी सांगतो. उत्खनने साधारणतः दिवाळीनंतर सुरू होतात आणि ऊन तापायच्या आत आवरतात. डोंगरातील सर्वेक्षणाचे गणित वेगळे आहे. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके असते, त्यात पायाखालचा दगडही दिसत नाही. सागाची पाने गळाली, गवत वाळले की जमीन उघडी पडते, म्हणून फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये दिसते सर्वाधिक, पण नागपुराकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा पहाटे निघून सूर्य डोक्यावर यायच्या आत सावली गाठावी लागते.

याहून महत्त्वाचे म्हणजे गावकऱ्यांशी वागणे. मेळघाटात कोरकू, पेंचच्या बाजूला गोंड समाजातील जाणती माणसे डोंगराचा कोपरा न् कोपरा ओळखतात. कोणत्या कपारीला नाव आहे, कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असते, जुन्या काळी बैल कोणत्या खिंडीतून उतरत, हे त्यांच्याकडून कळते. नकाशावर 'रीठी' म्हणून नोंदलेली ओस गावे पटवाऱ्याच्या दप्तरात सापडतात, पण ते गाव का उठले, हे शेजारच्या गावातला म्हाताराच सांगतो. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर असेच पायी फिरले. सूक्ष्मास्त्रे मिळण्याच्या जागा, धनगरांच्या वाटा आणि ग्रामदेवतांची ठाणी यांचा संबंध त्यांनी लोकांशी बोलूनच लावला. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख किंवा बोरघाटाच्या परिसरातील कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी घाटवाटांपासून तोडून पाहता येत नाहीत, हे आज आपल्याला उघड वाटते, त्यामागे अशा पायपिटीचा मोठा वाटा आहे. देवाचे ठाणे असेल तर पायताण काढून आणि विचारूनच पुढे जावे. माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने वहीत लिहावे आणि प्रबंधात त्याचा उल्लेख करावा.

अलकनंदा

मूळची नागपूरची, सध्या कामानिमित्त उत्तराखंडात असते. भाचीला पुढे उंच पर्वतांत काम करायचे असेल, तर दोन गोष्टी जोडते.

उंचीवर थंडी आणि बर्फ यांमुळे असे अवशेष टिकतात, जे विदर्भाच्या काळ्या मातीत कधीच टिकले नसते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात सुमारे ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फातून जो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस मिळाला, त्याच्या अंगावरचे चामड्याचे कपडे, गवत भरलेली पादत्राणे आणि पोटातले अन्नही शाबूत होते. आपल्याकडे उत्तराखंडातील रूपकुंड हे सरोवर सुमारे ५००० मीटर उंचीवर आहे. तिथले मानवी सांगाडे एकाच हिमवादळात सापडलेल्या यात्रेकरूंचे असावेत, असे बराच काळ मानले जाई. २०१९ मध्ये ३८ व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि चित्रच पालटले. त्यांतील २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे होते आणि त्यांचा काळ साधारण इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपासचा, तोही एकाच प्रसंगाचा नव्हता. १४ जणांचे वांशिक नाते पूर्व भूमध्य सागरी प्रदेशाशी जुळले आणि ते इसवी सन १८०० च्या सुमाराचे निघाले. एक जण आग्नेय आशियाई होता. ती भूमध्य सागराकडची माणसे तिथे का आली, याचे उत्तर जनुके देत नाहीत. ते दप्तरे, प्रवासवर्णने आणि यात्रामार्ग यांचा अभ्यास करणाऱ्यालाच शोधावे लागेल.

दुसरी गोष्ट कालमापनाची. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे आहे आणि त्यासाठी कोळसा, हाड, धान्य असे काही सेंद्रिय लागते. डोंगरातील पायऱ्यापायऱ्यांची शेती, दगडी बांध, गेरूने काढलेली चित्रे यांत ते बहुधा नसते. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, त्यात कार्बन नाही. अशा वेळी बांधाखालच्या मातीवर शेवटचा प्रकाश कधी पडला, हे मोजणारी प्रकाश-उद्दीपन पद्धत किंवा चित्रावर चढलेल्या क्षारांच्या थराचे मापन यांचा आधार घेतात. म्हणून भाचीने आतापासून भूगर्भशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र वाचावे. काश्मीरमधील बुर्झहोमची खड्ड्यांतील घरे कारेवाच्या, म्हणजे जुन्या सरोवराच्या गाळाच्या, मातीत का खोदता आली, हे माती ओळखल्याशिवाय कळत नाही. या बाबतीतही नागपूरचा विद्यार्थी भाग्यवान आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, तर रामटेक-मनसरकडे कितीतरी जुने रूपांतरित खडक आणि मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणजे एका दिवसाच्या फेरीत दोन वेगळी भूगर्भे पायाखाली येतात.

धंतोलीकर

शेवटचा प्रश्न. एम. ए. नागपूरला करावे की पुण्याला? घरच्यांना नागपूर सोयीचे आहे, तिला पुण्याची ओढ आहे.

सिव्हिल_लाइन्स

दोन्हीकडे अर्ज करू द्या. विदर्भातील डोंगर आणि वाकाटक हाच तिचा विषय राहणार असेल, तर नागपूर विद्यापीठात तिला स्थळे हाताशी मिळतील, आणि पुढे प्रयोगशाळेचे काम पुण्यात किंवा लखनौ-अहमदाबादच्या संस्थांकडून करून घेता येईल. प्रागैतिहासिक शैलाश्रय किंवा उंच पर्वत यांकडे जायचे असेल, तर माझे मत निःसंशय डेक्कन कॉलेजच्या बाजूने आहे, कारण तिथे हाडे, बिया आणि माती यांचे शिक्षण पहिल्या वर्षापासून हाताला लागते. घरची सोय हे कारण मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

वैनगंगा

सहमत. प्रवेशाला अजून अवधी आहे, तोवर तिने मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, जाऊन शिल्पे आणि शिलालेखांच्या दालनात वही घेऊन बसावे, एकेका शिल्पाचे मोजमापासह वर्णन लिहावे आणि ते मला दाखवावे. फेब्रुवारीत आमचा गट जुनापाणीच्या पुढे सर्वेक्षणाला निघेल, तेव्हा विभागाची परवानगी घेऊन तिला एक दिवस सोबत आणता येईल. काका, पायात उंच गळ्याचे बूट, डोक्याला सुती पंचा, आणि निळ्या शाईच्या पेनऐवजी पेन्सिल द्या, कारण घामाने शाई फुटते आणि नोंद वाचता येत नाही.